गाळलेल्या जागा भरणारा डोळा

मोबाइलने काढलेला फोटो संगणकात उतरतो तेव्हा तिथे ना वाघ असतो, ना झाड, ना पायवाट. तिथे असतात फक्त आकडे. समजा, फोटो २२४ ठिपके रुंद आणि २२४ ठिपके उंच आहे. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा रंग किती, हे सांगणारे तीन आकडे; प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यानचा. म्हणजे एवढ्याशा फोटोत १,५०,५२८ आकडे झाले. सूर्य ढगाआड गेला की त्यातले जवळजवळ सगळे बदलतात. वाघाने मान वळवली की बदलतात. कॅमेरा चार बोटं सरकला तरी बदलतात. वाघ मात्र तोच असतो. बदलत्या आकड्यांच्या या पसाऱ्यातून न बदलणारा वाघ हुडकून काढायचा, हा संगणकीय दृष्टीचा मूळ प्रश्न आहे.

आपण हा प्रश्न डोळे उघडल्या क्षणी सोडवतो, म्हणून तो सोपा वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६६ साली सेमूर पेपर्ट यांनी ‘समर व्हिजन प्रोजेक्ट’ आखला, तेव्हा दृष्टियंत्रणेचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या मदतीने एका उन्हाळ्यात उभा राहील अशी अपेक्षा होती. तो उन्हाळा गेला, आणि पुढची चार दशकंही प्रश्न सुटला नाही.

त्या काळात संशोधक स्वस्थ बसले नव्हते. फोटोत काय बघायचं, हे ते यंत्राला एकेक करून सांगत होते. कडा बघ, कोपरे बघ, उजेड-अंधाराच्या सीमा बघ. पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांची २००१ सालची पद्धत याचं उत्तम उदाहरण. चेहऱ्यावर डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो, अशा साध्या तुलनांच्या माळेतून ती चेहरा शोधायची. डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहऱ्याभोवती चौकोन दिसू लागले ते अशाच पद्धतींमुळे. पण समोरून पाहिलेल्या चेहऱ्याचं वर्णन असं करता आलं, तरी खुर्चीचं कसं करणार? तीन पायांची, चार पायांची, झुलती, घडीची, प्लास्टिकची, वेताची. नियम संपतात, खुर्च्या संपत नाहीत.

अलीकडच्या प्रगतीचं सूत्र इथेच सापडतं. माणसाने यंत्राला सांगणं जसजसं कमी केलं, तसतसं यंत्राला अधिक दिसू लागलं. ही कपात टप्प्याटप्प्याने झाली.

लेबलांचा काळ

पहिली मोठी कपात नियमांची. नियम सांगायचे नाहीत, उदाहरणं दाखवायची. त्यासाठी उदाहरणांचा साठा हवा होता. फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ‘इमेजनेट’ हा संग्रह मांडला. पुढे त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक फोटो जमा झाले. प्रत्येकात काय आहे, हे जगभरच्या लोकांनी मजुरी घेऊन ऑनलाइन तपासलं होतं. या संग्रहातल्या १,००० प्रकारांवर २०१० पासून दरवर्षी स्पर्धा होऊ लागली. फोटो दाखवला की यंत्राने पाच उत्तरं द्यायची. त्यांत बरोबर उत्तर नसेल तर चूक धरायची.

२०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ने चुकीचं प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणलं. दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६.२ टक्क्यांवर होता. व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या दोन ग्राफिक कार्डांवर त्यांनी ही यंत्रणा पाच-सहा दिवस शिकवली होती.

आत काय घडत होतं? एक छोटी चौकट फोटोवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरते आणि थांबेल तिथल्या आकड्यांना ठरावीक वजनांनी गुणते. अशा अनेक चौकटी, आणि त्यांचे एकावर एक थर. सुरुवातीला वजनं कशीही ठेवलेली असतात. यंत्रणा अंदाज करते, तो लेबलशी ताडून पाहिला जातो, आणि चूक कमी होईल अशा दिशेने सगळी वजनं किंचित सरकवली जातात. अ‍ॅलेक्सनेटमध्ये अशी सुमारे ६ कोटी वजनं होती. शिकून झाल्यावर पहिल्या थरातल्या चौकटी उघडून पाहिल्या, तर त्या उभ्या, आडव्या, तिरप्या कडा टिपणाऱ्या झाल्या होत्या. कडा बघ, असं त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. मांजराच्या मेंदूत अशाच तिरप्या-उभ्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल यांना कितीतरी आधी सापडल्या होत्या. त्या कामाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं.

त्यानंतर थर वाढत गेले. बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली १५२ थरांची ‘रेसनेट’ आणली आणि स्पर्धेतली चूक ३.५७ टक्क्यांपर्यंत उतरली.

पण लेबल फुकट मिळत नाही. कुत्रा आणि मांजर कोणीही ओळखेल. डोळ्याच्या पडद्यावरचा मधुमेहाचा परिणाम ओळखायला डॉक्टर लागतो. गूगलच्या वरुण गुलशन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या आजारासाठी यंत्रणा तयार केली, तेव्हा १,२८,१७५ फोटो वापरले गेले. त्यांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातल्या रुग्णालयांचे फोटोही होते. प्रत्येक फोटो तीन ते सात वेळा तपासला गेला, आणि तपासणारे नेत्रतज्ज्ञ होते ५४. प्रत्येक आजारासाठी, प्रत्येक पिकासाठी, प्रत्येक प्राण्यासाठी एवढं मनुष्यबळ आणायचं कुठून? पुढची कपात लेबलांची व्हायची होती.

फोटोचे १९६ तुकडे

त्याआधी यंत्रणेची रचना बदलली. भाषांतरासाठी २०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना पुढे आली होती. वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांकडे पाहतो आणि आपल्या अर्थासाठी कोणता किती महत्त्वाचा हे ठरवतो, ही तिची खुबी. गूगलच्या संशोधकांनी २०२० साली तीच फोटोला लावली. २२४ बाय २२४ चा फोटो १६ बाय १६ च्या चौकोनांत कापला, की १९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला एका शब्दासारखं वागवायचं. वाघाच्या कानाचा तुकडा शेपटीच्या तुकड्याकडे पहिल्या थरातच पाहू शकतो. जुन्या रचनेत चौकट आधी शेजाऱ्यांपुरतीच पाही; कान आणि शेपूट यांची गाठ पडायला बरेच थर चढावे लागत.

जुन्या रचनेत एक गृहीतक बांधलेलं होतं: शेजारचे ठिपके एकमेकांशी जास्त संबंधित असतात. नव्या रचनेला तेही सांगितलेलं नाही. त्यामुळे थोड्या फोटोंवर ती मागे पडली. १२-१३ लाख फोटोंवर शिकवलं तेव्हा रेसनेट सरस ठरली. ३० कोटी फोटोंवर शिकवलं तेव्हा नवी रचना पुढे गेली. कमी सांगितलं, तर पाहायला जास्त द्यावं लागतं. आणि ३० कोटी फोटो पाहायला द्यायचे, तर प्रत्येकावर लेबल कोण चिकटवणार?

उत्तर फोटोतच आहे

या प्रश्नाचं सर्वांत देखणं उत्तर २०२१ च्या अखेरीस कायमिंग हे यांनीच, या वेळी फेसबुकच्या प्रयोगशाळेतून, दिलं. पद्धत शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नासारखी आहे. १९६ तुकड्यांपैकी १४७ झाकून टाकायचे. उरलेले ४९ तुकडे यंत्रणेला द्यायचे आणि झाकलेले रंगवायला सांगायचं. मग झाकण काढून मूळ फोटोशी ताडून पाहायचं. उत्तरपत्रिका फोटोतच दडलेली असते. लेबल लावणाऱ्या माणसाची गरजच उरत नाही.

तीनचतुर्थांश फोटो झाकण्यामागे नेमका विचार आहे. दहा-वीसच तुकडे झाकले, तर यंत्रणा शेजारचा रंग ओढून जागा भरून टाकेल आणि काहीच शिकणार नाही. पण उभ्या असलेल्या गाईचं फक्त शिंग, पाठीचा एक तुकडा आणि एक खूर उरला असेल, तर मधली जागा भरायला गाईची ठेवण ठाऊक असावी लागते: पाठ कुठून कुठे जाते, पाय कुठे येतात, सावली कोणत्या बाजूला पडते. यंत्रणा हे सगळं अंगी बाणवते, ‘गाय’ हा शब्द न ऐकता. शिवाय तिचा मुख्य भाग फक्त ४९ तुकडे वाचतो, त्यामुळे शिकवण्याचा वेळही वाचतो. नंतर थोडीशी लेबलं दाखवली, की ती ओळखण्याचं काम पटकन उचलते.

त्याच वर्षी फेसबुकच्या आणि फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेच्या संशोधकांनी ‘डिनो’ मांडली. तिच्यात एकाच फोटोचे वेगवेगळे कापलेले, रंग बदललेले भाग दोन यंत्रणांना दाखवतात आणि दोघींचं उत्तर जुळलं पाहिजे अशी अट घालतात. दोघींपैकी एक विद्यार्थिनी. दुसरी शिक्षिका, आणि ही शिक्षिका म्हणजे विद्यार्थिनीच्याच आधीच्या अवस्थांची सरासरी. ही यंत्रणा फोटोत कुठे लक्ष देते याचे नकाशे काढले, तेव्हा त्यांत पक्ष्याची, कुत्र्याची, गाडीची बाह्यरेषा ठसठशीत उमटलेली दिसली. वस्तू कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, हे तिला कधीच शिकवलेलं नव्हतं. पुढची आवृत्ती २०२३ साली १४ कोटी २० लाख फोटोंवर शिकली, आणि २०२५ साली आलेली तिसरी १७० कोटींवर.

सपाट फोटोंवरून जागेची खोली, म्हणजे काय किती अंतरावर आहे, हे ओळखण्याच्या प्रश्नालाही गाळलेल्या जागांची हीच कल्पना लागू पडली. बर्कलीच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेली ‘नर्फ’ पद्धत एखाद्या जागेचे अनेक कोनांतून काढलेले फोटो घेते आणि अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला रंग कोणता, घनता किती हे शिकते. तिची परीक्षा फोटोच घेतात: या कोनातून पाहिलं तर काय दिसेल ते रंगव, आणि खऱ्या फोटोशी ताडून पाहा. ती संथ होती. २०२३ साली इन्रियातल्या संशोधकांनी तीच जागा लाखो धूसर रंगीत ठिपक्यांनी मांडली, आणि साध्या फोटोंवरून उभारलेल्या दृश्यात थेट फिरता येऊ लागलं.

नावं आणि आकार

यंत्रणेला आकार समजले, पण माणसाशी बोलायला नावं लागतात. ओपनएआयच्या ‘क्लिप’ने जानेवारी २०२१ मध्ये ती इंटरनेटवरूनच उचलली. फोटोखाली लोकांनी लिहिलेला मजकूर हेच लेबल. फोटो आणि मजकूर यांच्या ४० कोटी जोड्या घेतल्या. एका वेळी हजारो फोटो आणि हजारो ओळी समोर ठेवायच्या, आणि कोणती ओळ कोणत्या फोटोची हे जुळवायला सांगायचं. इमेजनेटमधल्या लेबलांवर एकदाही न शिकता क्लिपने त्या परीक्षेत ७६.२ टक्के गुण मिळवले. तेवढे मिळवायला ५० थरांच्या रेसनेटला सगळी लेबलं अभ्यासावी लागली होती. आज फोटोबद्दल प्रश्न विचारले की उत्तर देणाऱ्या यंत्रणा याच वाटेने पुढे गेल्या आहेत.

मजकुरातून शिकण्याची किंमतही लगेच दिसली. सफरचंदावर ‘आयपॉड’ असं लिहिलेला कागद चिकटवला, की क्लिप त्या सफरचंदाला आयपॉड म्हणू लागली. हे तिच्या निर्मात्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलं.

आकार कापून वेगळा काढण्याचं काम मेटाच्या (म्हणजे फेसबुकच्याच कंपनीच्या) ‘सॅम’ने एप्रिल २०२३ मध्ये सोपं केलं. फोटोतल्या कशावरही बोट ठेवा, ती वस्तू कडेने अचूक सुटी होते. तिचं नाव माहीत असण्याची गरज नाही. यासाठी १ कोटी १० लाख फोटोंवर ११० कोटी आकार आखले गेले. हाताने एवढं काम होणं अशक्य होतं. आधी माणसांनी थोडे आकार आखले, त्यावर यंत्रणा शिकली, मग तिने आखलेले माणसांनी दुरुस्त केले, आणि अखेरीस बहुतेक सगळे तिनेच आखले. २०२४ मध्ये हीच सोय हलत्या चित्रात आली.

जंगलात आणि कापसाच्या शेतात

भारतातल्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो काढले. त्यांतले वाघाचे होते ७६,६५१. बाकी हरणं, रानडुकरं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत. हा ढीग संगणकाने प्राण्यांनुसार वेगळा केला. मग प्रत्येक वाघाचे पट्टे ताडून पाहिले गेले, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्यातून २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले.

दुसरं उदाहरण कापसाचं. विदर्भातला शेतकरी २०१७ साली गुलाबी बोंडअळीने अक्षरशः हवालदिल झाला. ही अळी बोंडाच्या आत शिरते. बाहेरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाकडे ओढले जाणारे नर पतंग त्यात अडकतात. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ ते दहा पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली असं समजतात. आता हे मोजायला बसा. पतंग बोटाच्या पेरापेक्षा लहान, एकमेकांवर पडलेले, पंख झडलेले, सोबत इतर किडेही. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने यासाठी अ‍ॅप तयार केलं. सापळा कागदावर रिकामा करायचा, फोनने फोटो काढायचा. अ‍ॅप बोंडअळीचे पतंग वेगळे ओळखून मोजतं आणि फवारणीबाबत सल्ला देतं. फवारणी चार दिवस आधी झाली तर पैसा आणि औषध वाया, चार दिवस उशिरा झाली तर बोंडं वाया. इथे मोजणीतली चूक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

निवड कोणाची?

म्हणूनच चुका कुठे होतात हे नीट पाहिलं पाहिजे. सारा बीअरी आणि त्यांच्या कॅल्टेकमधल्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की हिरव्या कुरणातली गाय अचूक ओळखणाऱ्या यंत्रणा समुद्रकिनाऱ्यावरच्या गाईसमोर अडखळतात. जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवरही तेच. ज्या जागांवर यंत्रणा शिकली तिथे ती चोख. नव्या जागी कॅमेरा लावला, की चुका वाढल्या. तिने प्राण्याबरोबर पार्श्वभूमीही पाठ केली होती. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला, तेव्हा इमेजनेटवर शिकलेल्या यंत्रणांनी त्याला हत्ती ठरवलं. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. उजळ त्वचेच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि सावळ्या-काळ्या त्वचेच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करणारी गूगलची यंत्रणा थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत गेली, तेव्हाचा अनुभव २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ती उत्तम होती. पण बहुतेक दवाखान्यांत फोटो काढणाऱ्या परिचारिकांकडे अंधाऱ्या खोल्या नव्हत्या. १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्रणेने पुरेसे स्पष्ट नाहीत म्हणून नाकारले. मग त्या रुग्णाला वेगळ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी तज्ज्ञाकडे जायला सांगायचं. ज्याचं हातावर पोट आहे, त्याच्यासाठी हा निरोप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी.

यातली एकही चूक गणिताची नाही. नियम आपण काढून घेतले, लेबलं काढून घेतली, शेजाराचं गृहीतकही काढून घेतलं. पण कोणते फोटो दाखवायचे, ही निवड माणसाकडेच राहिली. उलट, सांगणं जितकं कमी झालं तितकं त्या निवडीचं वजन वाढलं. यंत्रणेचं सगळं शिक्षण आता दाखवलेल्या फोटोंतूनच होतं. जे दाखवलं नाही, ते तिच्या लेखी जगात नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातून निघणारं काम स्पष्ट आहे. आपल्या कृषी विद्यापीठांकडे पिकांवरच्या रोगांचे, वैद्यकीय महाविद्यालयांकडे तपासण्यांचे, वन विभागाकडे जंगलाचे फोटो साठत असतात. गाळलेल्या जागांतून शिकणाऱ्या यंत्रणांमुळे, लेबल नसलेला हा साठाही आता मोलाचा झाला आहे. तो रुग्णाची ओळख झाकून, नीट जपून, संशोधनासाठी खुला व्हायला हवा. आणि बाहेरून आलेली कोणतीही दृष्टियंत्रणा सरकारी दवाखान्यात किंवा शेतीच्या योजनेत वापरण्याआधी तिची परीक्षा इथल्या फोटोंवर, इथल्या उजेडात, इथल्या स्वस्त फोनवर झाली पाहिजे, आणि तिचा निकाल कोणालाही वाचता येईल असा जाहीर झाला पाहिजे. हे संशोधन पुरेसं पुढे गेलेलं आहे; अशी अट घालण्यासाठी आता कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.